गॉगलच्या फ्रेमवर 'सरडा' रंग मारला, तीन आठवड्यांत सोलला. काय चुकलं?

पेडलमारू | शनिवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ओकली कंपनीचा हॉलब्रुक गॉगल आहे, सात वर्षं सायकलवर वापरलेला. काचा अजून ठणठणीत, पण काळी फ्रेम घाम आणि उन्हाने पांढुरकी पडली होती, दांड्यांवर चरे. म्हटलं, हिला नवा साज चढवू. बुलेटच्या टाक्यांवर मारतात ना, समोरून हिरवा आणि बाजूने बघितला की जांभळा, तो रंग डोक्यात बसला होता. आमच्या सोसायटीतली पोरं त्याला 'सरडा कलर' म्हणतात.

केलं ते असं: काचा काढल्या, भांड्यांच्या साबणाने फ्रेम धुतली, वाळवली. हार्डवेअरच्या दुकानातल्या काळ्या स्प्रेचे दोन हात मारले. ऑनलाइन मागवलेला सरडा रंग एअरब्रशने दिला आणि वर स्प्रेच्या डब्यातलं क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. पहिल्या रविवारी काय दिसत होती म्हणून सांगू! खडकवासल्याला चहा पिताना दोघांनी हातात घेऊन पाहिली.

आज तीन आठवडे झाले. नाकापाशी पापुद्रा सुटलाय. कानामागे दांडी चिकट लागते, नख रुततं. आणि काचा परत बसवताना खाचेच्या कडेने रंग तडकला होता, तिथून आता टवके उडतायत. शिवाय माझा हिरवा-जांभळा त्या टाकीइतका खुलत नाही, जरा मळकट वाटतो.

पहिल्यापासून परत करायची तयारी आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

चिंगुअक्का | शनिवार, रात्री ११.४८

नवा घ्या की. (हलके घ्या.)

---

गनमास्तर | रविवार, सकाळी ७.०५

कोल्हापुरात आमचं टू-व्हीलर पेंटिंगचं काम हाय, गॉगल कधी केला न्हाई, पण बंपर, मडगार्ड, हेल्मेट लई केलीत. प्लास्टिक ते प्लास्टिकच.

भावा, आधी एक कर. सुटलेला पापुद्रा फेकू नकोस, उलटा करून बघ. मागची बाजू काळी आणि गुळगुळीत असंल, खाली फ्रेम कोरी असंल, तर रंगानं प्लास्टिक धरलंच न्हाई. नुसतं क्लिअर निघालं असंल आणि रंग फ्रेमवर तसाच असंल तर दुखणं वेगळं, दोन थरांच्या मधलं. बघून सांग, मग बोलू.

---

पेडलमारू | रविवार, सकाळी ९.३०

मागची बाजू काळी, चकचकीत, अगदी साच्यातून काढल्यासारखी. खाली फ्रेम स्वच्छ. नखाने ओढलं तर पट्टीच्या पट्टी निघते. खरं सांगायचं तर ओढायला मजा येतेय.

---

गनमास्तर | रविवार, सकाळी १०.१०

मग उत्तर मिळालं. तू घासलाच न्हाईस.

साबणानं मळ गेला, पण प्लास्टिकचं अंग गुळगुळीतच राहिलं. रंगाला धरायला खरवड पायजे. ६०० चा वॉटर पेपर पाण्यातनं फिरव, मग ८००. बिजागरीजवळ, कोपऱ्यात पेपर जात न्हाई तिथं राखाडी स्कॉच-ब्राइट. चकाकी कुठंच दिसता कामा नये, सगळी फ्रेम पिठूळ दिसली पायजे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची आणि तिथून पुढं उघड्या हातानं धरायची न्हाई. बोटाचा तेलकटपणा लागला की रंगात डोळे पडतात, बारकं बारकं खड्डं.

घासलं की प्लास्टिकचा प्रायमर. हितं लोक चुकतात. बंपर बहुतेक पीपीचं, म्हंजे पॉलिप्रोपिलीनचं, असतं आणि बंपरवरचा प्रायमर पीपी धरायला बनवलेला असतो. तुझी फ्रेम जर नायलॉनची असंल तर तोच चालंल असं न्हाई. डब्यावर 'पीए' (पॉलिअमाइड, म्हंजे नायलॉनच) लिहिलंय का बघून घे. पातळ एकच हात, जाड थापायचा न्हाई.

---

काचबिंदू | रविवार, दुपारी १.१५

दादरला चष्म्याचं दुकान आहे, तिसरी पिढी. आयडी स्वतःच घेतलाय, कृपया तब्येतीची चौकशी करू नये.

गनमास्तरांचं बरोबर आहे, पण रंगाच्या आधी फ्रेम कशाची आहे ते ओळखायला हवं, कारण निम्म्या फ्रेमा रंगवायच्या लायकीच्याच नसतात.

ओकली ज्याला 'ओ मॅटर' म्हणते ते नायलॉनच्या घरातलं. बाजारात टीआर-९० म्हणून मिळतं तेही मूळचं नायलॉनच, ग्रिलामिड नावाच्या स्विस मालावरून आलेलं, पण आता कुठल्याही लवचीक फ्रेमवर ती अक्षरं छापलेली असतात. नायलॉन चिवट, वाकून परत जागेवर येणारं, सॉल्व्हंटला दाद न देणारं. दाद देत नाही म्हणूनच रंगही सहजी धरत नाही.

जाड, डिझाइन आरपार गेलेली, हाताला उबदार लागणारी फ्रेम असेल तर ती अ‍ॅसिटेट. कापसाच्या किंवा लाकडाच्या सेल्युलोजपासून केलेल्या पाट्यांमधून कापलेली. अ‍ॅसिटेटच्या पोटात ते मऊ ठेवणारं द्रव्य मिसळलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. जुन्या फ्रेमवर पांढरी बुरशीसारखी साय दिसते ना, तो तोच प्रकार. त्यावर कितीही भारी रंग मारा, खालून मऊ होतो. शिवाय थिनरने अ‍ॅसिटेट विरघळतं. अशी फ्रेम घासून, बफ करून तिचीच चकाकी परत आणावी, रंगाच्या नादी लागू नये.

तिसरी गोष्ट काचांची. पॉलिकार्बोनेटच्या काचेला थिनरची वाफसुद्धा लागू देऊ नका. कडेने केसासारख्या चिरा जातात आणि त्या कधीच भरत नाहीत. काचेवर मास्किंग टेप लावून फवारणारे लोक मी पाहिलेत, नंतर तेच माझ्याकडे नवीन काचा करायला येतात. तुम्ही काचा काढल्यात हे उत्तम केलंत.

आणि खाच! काच बसते त्या खाचेत रंग नकोच. प्रायमर, काळा, सरडा, क्लिअर असं मिळून थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत सहज जातो. कंपनीने खाच काचेच्या मापाने कापलेली असते, तिथे तेवढी जागाच नसते. काच दाबली की रंग तडकणार, दुसरं काय होणार? बारीक टेपची पट्टी खाचेत दाबून बसवा. बिजागरीचंही तेच.

---

रंगखुळी | रविवार, दुपारी ४.४०

वाखू (वाचनखूण) साठवली! काचबिंदूकाका, मस्त प्रतिसाद.

मी नाशिकची, छोट्या मूर्ती आणि मॉडेल्स रंगवते. सरडा रंग मळकट का दिसतो ते मला वाटतं सांगू शकेन. पेडलमारू, तुमचा काळा स्प्रे मॅट होता का?

---

पेडलमारू | रविवार, संध्या. ६.०२

हो. मॅट ब्लॅक. म्हटलं वर क्लिअर येणारच आहे.

---

रंगखुळी | रविवार, रात्री ८.२५

तिथेच गडबड झाली. सरडा रंगाखाली काळा हवा आणि तोही आरशासारखा चकचकीत. या रंगात दिसतो तो रंग नसतोच मुळी, बारीक चपट्या पापड्या असतात. त्या एकाच दिशेने, एकमेकींशेजारी, गालिचा अंथरल्यासारख्या पडल्या तर सगळी फ्रेम एकदम पालटते. मॅट म्हणजे सूक्ष्म खडबडीत जमीन. तिच्यावर पापड्या वेड्यावाकड्या पडतात, एक हिरवी बोलते, शेजारची जांभळी बोलते आणि दोन्ही मिळून चिखल.

माझी पद्धत: चकचकीत काळा, तो पूर्ण वाळू द्यायचा. मग सरडा रंग अगदी विरळ धुक्यासारखा, पाच-सहा हात, मध्ये पाच-दहा मिनिटं. पहिल्या दोन हातांत काहीच झालं नाही असं वाटतं, घाबरायचं नाही. ओला, भरगच्च हात मारला की पापड्या वाहून कडेला गोळा होतात. नोझल ०.३ किंवा ०.५ मिमी, ०.२ तुंबतं. दाब मी २० ते २५ पीएसआय ठेवते. आणि बाटली सतत हलवा, पापड्या जड असतात, तळाला बसतात.

छोट्या कामाला वायेहोचे 'शिफ्टर्स' किंवा ग्रीन स्टफ वर्ल्डचे कॅमेलिऑन रंग चांगले, दोन्ही कंपन्या स्पेनच्या. एका फ्रेमला १५-२० मिली पुरतो.

---

चिंगुअक्का | रविवार, रात्री ९.१०

यात नवीन काय? आमच्या धूपछाव पैठणीत हे शतकानुशतकं चाललंय. हलली की रंग बदलतो.

---

अणुरेणू | सोमवार, सकाळी ८.५०

चिंगुअक्का, उदाहरण सुंदर, पण कारण वेगळं. धूपछावमध्ये उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा. कोन बदलला की कुठला धागा जास्त दिसतो ते बदलतं. दोन्ही रंग तिथे खरोखर असतात, दोन्ही डायचे. सरडा रंगाची पापडी सुटी करून पाहिलीत तर तिच्यात हिरवा रंग नाही, जांभळाही नाही. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात पेट्रोल पंपापुढे सांडलेल्या तेलावर जे दिसतं ते हे. पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग उजळतात, काही एकमेकांना मारतात. तिरकं पाहिलं की हिशेब आखूड लांबीच्या लहरींकडे सरकतो. तांबडा सोनेरीकडे, सोनेरी हिरव्याकडे, हिरवा निळ्या-जांभळ्याकडे.

मोत्यासारखा चमकणारा मोतिया रंग आणि सरडा हे चुलतभाऊ आहेत, पण एक नाहीत.

मोतिया म्हणजे अभ्रकाची पापडी आणि तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचं लिंपण. लिंपण ५० नॅनोमीटरच्या आसपास असेल तर रुपेरी पांढरा. जाडी वाढवत नेली की आधी सोनेरी, मग तांबूस, मग निळा, मग हिरवा. पदार्थ तोच, फक्त जाडी वेगळी! अशी निळी पापडी निळा परत पाठवते आणि पिवळसर आरपार जाऊ देते. खाली पांढरं असेल तर तो पिवळसरही परत येतो आणि निळा फिका पडतो, त्यातून हळुवार मोत्यासारखी झाक येते. खाली काळं असेल तर काळा तो पिवळसर गिळतो आणि उरतो तो नुसता निळा. एकाच बाटलीतून दोन वेगळ्या फ्रेमा.

सरड्याच्या अस्सल पापडीत मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा आरसा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना मॅग्नेशियम फ्लोराइड आणि सर्वांत बाहेर क्रोमियमचा अर्धपारदर्शक थर. पाच थर मिळून जाडी साधारण एक मायक्रॉन. मॅग्नेशियम फ्लोराइडचा वक्रीभवनांक (प्रकाश किती वाकवतो त्याचं माप) १.३८, म्हणजे कमी, म्हणून कोन बदलला की रंग लांबवर उडी मारतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा २.५ च्या पुढे, म्हणून मोतिया जागच्या जागी हलतो.

घरी नमुना बघायचा असेल तर पाकिटातली ५०० ची नोट काढा. मधला सुरक्षा धागा सरळ पाहिला तर हिरवा, तिरकी केली की निळा. जुन्या ५०० आणि १००० च्या नोटांवर २००० सालापासून आकडाच अशा शाईत छापत. गाड्यांमध्ये १९९६ च्या फोर्ड मस्टँग कोब्राचा 'मिस्टिक' आणि १९९९ च्या निसान स्कायलाइनचा 'मिडनाइट पर्पल २' हे गाजलेले सरडे.

---

गनमास्तर | सोमवार, सकाळी ९.१५

नाद खुळा. वीस वर्षं मारतोय, आज कळलं काय मारतोय ते.

---

मेलबर्नकर | सोमवार, सकाळी ९.४०

अवांतर: मोत्याचा रंग मुळात माशाचा. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जपमाळा बनवणाऱ्या एका कारागिराने माशांच्या खवल्यांतली चमक काढून काचेच्या मण्यांत भरली आणि खोटे मोती केले. ते ग्वानिनचे स्फटिक. म्हणजे आमच्या आजीच्या खोट्या मोत्यांच्या नथीचं मूळ खवल्यांत निघायचं.

---

चिंगुअक्का | सोमवार, सकाळी १०.३०

आणि अभ्रक कुठून येतं तेही लिहा. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीहच्या पट्ट्यातून, जिथे सोडून दिलेल्या खाणींत लहान पोरं अभ्रक वेचतात. त्यावर २०१७ मध्ये कंपन्यांनी मिळून एक संस्थाही काढली. चमचम आवडते सगळ्यांना.

---

अणुरेणू | सोमवार, सकाळी ११.०५

बरोबर आहे. कृत्रिम अभ्रकाची पूड मिळते, लेबलवर 'सिंथेटिक मायका' किंवा फ्लोरफ्लोगोपाइट लिहिलेलं असतं. ती खाणीतून येत नाही आणि रंगालाही जास्त स्वच्छ असते. निवड असेल तर तीच घ्या.

आता महत्त्वाचं. कानामागे चिकट झालं ते क्लिअरमुळे. डब्यातलं साधं क्लिअर नुसतं वाळतं, आतून जुळून घट्ट होत नाही. घाम, खोबरेल, सनस्क्रीन रोज लागलं की मऊ पडतं. तिथे २के क्लिअर लागेल, म्हणजे हार्डनर हा घट्ट करणारा दुसरा भाग मिसळून मारायचं.

---

पेडलमारू | सोमवार, दुपारी १.२०

खोबरेल तेल रोज. आईचा आग्रह. पकडला गेलो.

२के घरी बाल्कनीत मारू का? तोंडाला रुमाल बांधून?

---

अणुरेणू | सोमवार, दुपारी १.३२

नाही. नाही. नाही.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा श्वासात गेला तर दमा लागू शकतो आणि एकदा शरीराने ते ओळखीचं करून घेतलं की पुढे अगदी नखभर वासालाही छाती आवळते. त्यात परत त्याला स्वतःचा म्हणावा असा वास येत नाही, म्हणजे मास्कचं कार्ट्रिज संपलंय हे नाकाला कळत नाही. रुमालाचा उपयोग शून्य. गॅरेजवाले बिनधास्त मारतात म्हणून आपणही मारावं असं नाही.

---

गनमास्तर | सोमवार, रात्री १०.५०

दिवसभर काम होतं, आत्ता वाचलं.

गॅरेजवाले बिनधास्त मारतात हे खरं हाय. मीबी रुमालच बांधायचो. ज्या उस्तादाकडं शिकलो ते पन्नाशीला आले तवा जिना चढताना थांबायचे. आम्ही म्हणायचो तंबाखू. डॉक्टर म्हणाले रंग. आता ते स्प्रे गन धरत न्हाईत, दुकानात बसून नुस्तं शेड बघतात, आणि हार्डनरचा डबा कुणी उघडला तरी उठून बाहेर जातात. तवापासून माझ्याकडं बाहेरची हवा नळीनं आणणारा मास्क हाय. पोरं हसली. हसू देत.

पेडलमारू, तू घरी सरड्यापर्यंत कर. क्लिअर जवळच्या चांगल्या बूथवाल्याकडनं, म्हंजे रंग मारायची बंद खोली असलेल्याकडनं, मारून घे. छोटं काम हाय, कुणाच्यातरी टाकीबरोबर एका फेरीत होतंय. फक्त त्याला सांग, प्लास्टिक हाय, वाकतंय, फ्लेक्स (क्लिअर लवचीक ठेवणारं द्रव्य) मिसळ. बंपरला मिसळतात तसं. न्हाईतर दांडी पसरली की बिजागरीपाशी क्लिअर चिरंल.

अजून एक, सरड्याच्या थरावर पेपर मारू नकोस, कचरा बसला तरी. पापड्या कापल्या जातात, तिथं डाग दिसतो. घासायचं ते क्लिअर आल्यावर.

---

काचबिंदू | मंगळवार, सकाळी ११.००

मी आणखी पुढे जाईन. कानामागचा वळलेला भाग आणि नाकावर टेकणारा भाग रंगवूच नका. त्वचेला सतत चिकटून राहणारी जागा ती. टेप लावून मूळ प्लास्टिक ठेवा, रेघ सरळ काढलीत तर ती मुद्दाम केलेली नक्षी वाटेल. ऑफिसला जाताना कुणाच्या नाकावर हिरवा-जांभळा पापुद्रा चिकटलेला बरा दिसत नाही.

---

पेडलमारू | सहा आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.१५

मंडळी, धागा वर काढतोय. हिशेब द्यायचा राहिला होता.

जुना रंग थिनरने न काढता सोलून आणि घासून काढला. ६००, ८००, स्कॉच-ब्राइट. कोपरे घासता घासता दोन संध्याकाळी गेल्या, रंगकामाला सगळी मिळून एक. 'पीए' लिहिलेला प्रायमर शोधायला तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दोन दुकानदारांनी "सगळ्यावर चालतो" म्हणून बंपरचाच पुढे केला.

चकचकीत काळा मारला तो दिवस जुलैचा, बाहेर धो धो. अर्ध्या तासात काळ्यावर दुधी साय आली. गनमास्तरांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. म्हणाले, हवेतलं पाणी बसलं, थिनर झपाट्यानं उडतंय. दुसऱ्या दिवशी रिटार्डर थिनरचा (सावकाश उडणाऱ्या) अगदी बारीक फवारा दिला आणि साय डोळ्यांदेखत विरघळली. पुढचे हात मग खोलीत एसी लावून, आधी तासभर हवा कोरडी करून मारले. खिडकीत पंखा बाहेर तोंड करून.

एक चूक मात्र नव्याने केली. समोरचा भाग आणि डावी दांडी एका संध्याकाळी केली, उजवी दांडी दुसऱ्या दिवशी. उजवीला बहुधा एक हात जास्त बसला, शिवाय तिला मी आडवी ठेवून फवारलं, बाकीचं टांगून. सावलीत तिन्ही सारखे दिसतात. उन्हात उजवी दांडी लवकर जांभळी होते. समोरून कुणाला कळत नाही, पण मला कळतं, आणि आता सायकलवर आरशात सारखं तिकडेच लक्ष जातं.

क्लिअर हडपसरच्या एका बूथवाल्याने एका स्कूटरच्या पॅनेलांबरोबर मारून दिलं, फ्लेक्स घालून. आठ दिवस फ्रेमला हात लावला नाही. मग काच कोमट केलेल्या फ्रेममध्ये बसवली, खाच कोरी ठेवली होती, टक करून बसली, एक टवका नाही. कानामागे मूळ काळं प्लास्टिक ठेवलंय.

आतल्या बाजूला, कुणाला दिसत नाही तिथे ब्लेडने बारीक चौकडी पाडून चिकटपट्टी ओढून पाहिली. पट्टी कोरी निघाली. तीन रविवार, दोनदा पाऊस, भरपूर घाम. आणि हो, खोबरेल चालूच आहे.

---

रंगखुळी | रविवार, रात्री ९.४०

फोटो!! तिरका एक आणि समोरून एक. आणि उजव्या दांडीचं मनावर घेऊ नका, मी माझ्या गणपतीच्या दोन कानांत हेच केलं होतं. सुटे भाग एकाच वेळी, एकाच दिशेने टांगून करायचे हे त्यानंतर शिकले.

---

गनमास्तर | रविवार, रात्री १०.१५

उजवी दांडी काळ्यापासनं परत कर. तुला झोप लागायची न्हाई.

---

चिंगुअक्का | सोमवार, सकाळी ७.३०

माझ्या वाचायच्या चष्म्याची फ्रेम अ‍ॅसिटेटची आहे की नायलॉनची, ते घरच्या घरी कसं ओळखायचं? सहज विचारतेय.

---

काचबिंदू | सोमवार, सकाळी १०.०५

दुकानात घेऊन या. आणि तोपर्यंत नेलपॉलिश रिमूव्हर लावून बघू नका.

---

चिंगुअक्का | सोमवार, सकाळी १०.२०

लावलं.